घरची बुरशी

"पेटीला पाणी दाखवायचं नाही, इत्सुए. ब्रश फिरवायचा. तोही कोरडा."

सासूबाईंचा हा आवाज अजूनही मला सकाळी वाळवण घालताना ऐकू येतो. पाणी का नको, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नव्या सुनेनं विचारू नये असं मला वाटायचं, आणि यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असणार.

मी चहाच्या मळ्यातली मुलगी. माझं माहेर वर डोंगरात, चिरानला. चहाला कसलाही वास पटकन लागतो, म्हणून आमच्याकडे टोपल्या, फळ्या, खोल्या, सगळं कढत पाण्यानं धुऊन उन्हात टाकायची रीत. भिंतीवर बुरशीचा ठिपका दिसला तर माझी आई जेवण तसंच टाकून उठायची. आणि लग्न होऊन मी आले ती यामागावा बंदरावर, ओकिझोनोंच्या घरी. इथं सकाळी सासूबाई खोलीचं दार किलकिलं करून बुरशीची विचारपूस करायच्या. रात्री थंडी वाजली का, भूक लागली का, म्हणून.

धंदा कुपा माशाचा. कुपा उकडायचा, काटे काढायचे, धुरी देऊन देऊन लाकडासारखा कडक करायचा, वरचं काळं तासून टाकायचं. इथवर कुणालाही जमतं. पुढं ते तुकडे देवदाराच्या जुन्या पेट्यांत रचून बंद खोलीत ठेवायचे. पंधरा दिवसांत त्यांच्यावर बुरशी चढते. मग उन्हात मांडायचे, बुरशी कोरड्या ब्रशनं झाडायची आणि पुन्हा पेटीत. असं चारदा, कधी पाचदा. प्रत्येक खेपेला बुरशी माशातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते. शेवटी दोन तुकडे एकमेकांवर आपटले की चिपळ्या वाजल्यासारखा आवाज येतो. तो आला की माल झाला.

कुठली बुरशी कोण, हे सासूबाई डोळ्यांनी, नाकानं आणि अंगठ्यानं ओळखायच्या. पहिल्या खेपेला हिरवट निळी यायची. "पाहुणे आले," म्हणायच्या, "दोन दिवस राहतील, जातील." पांढरी, कापसासारखी लोंबणारी दिसली की तिला उपटसुंभ म्हणून तो तुकडा लगेच बाजूला काढायच्या. आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला, बारीक, मऊ, मातकट पिवळी साय चढली की अंगठ्यानं हलकेच पुसून, हुंगून म्हणायच्या, "आली घरची."

माझी नणंद मित्सुयो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. वाळवणावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. मित्सुयो ब्रश मुद्दाम माझ्या दिशेनं झाडायची. तासाभरात आमचे केस, भुवया, पापण्या सगळं मातकट होऊन जायचं. "वहिनी, तू म्हातारी झालीस ना, की अश्शी दिसशील," असं म्हणून ती हसत लोळायची. या घरात मला रुळवलं ते तिनं. सासूबाईंचं मौन रागाचं कुठलं आणि साधं कुठलं, हे तिनंच मला शिकवलं.

ती ओसाकाला सुक्या मालाच्या एका पेढीत दोन वर्षं कामाला होती. तिथं तिला कोंबू विकायला आलेला एक माणूस भेटला. कोंबू म्हणजे समुद्रातलं ते रुंद, जाड शेवाळ. आमचा मासा आणि त्यांचा कोंबू एका पातेल्यात पडल्याशिवाय आमच्याकडे सूपच होत नाही. तो होता रिशिरी बेटावरचा, म्हणजे देशाच्या पार वरच्या टोकाचा. आम्ही पार खालच्या. सासूबाईंनी विरोध केला नाही. फक्त तीन दिवस कोठारात बसून एक जोडी निवडली. पाठीकडचा एक तुकडा आणि पोटाकडचा एक. एकाला नवरा म्हणतात, दुसऱ्याला नवरी. दोन्ही जुळवले की कासवाच्या पाठीसारखा आकार होतो. आमच्याकडे मुलीला सासरी पाठवताना अशी जोडी देतात. ती जोडी त्यांनी घरची बुरशी न झाडता, अंगावर तशीच ठेवून, कागदात बांधली.

जायच्या आदल्या संध्याकाळी मित्सुयो बुरशीच्या खोलीत बराच वेळ एकटी बसली होती. सकाळी खोलीचं दार उघडं होतं, हे खरं. कडी नीट बसली नाही की ते आपोआप उघडायचं.

हे झालं नोव्हेंबरात. डिसेंबरात सासूबाईंना न्यूमोनिया झाला आणि त्या कागोशिमाच्या इस्पितळात पडल्या. वर्षअखेरीचा माल विकून झाला होता, पेट्या रिकाम्या होत्या. आणि आली तेरा तारीख. तेरा डिसेंबर म्हणजे घरोघरी काजळी झाडायचा दिवस. देव्हारा, छत, चूल, सगळं झाडून पुसून वर्षाचा मळ बाहेर काढायचा. मी सगळं घर केलं आणि शेवटी त्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. अकरा पेट्या. आतून केसाळ, कोपऱ्यांत निळ्या, दर्प येणाऱ्या. पाणी नको म्हणजे लाकूड फुगेल म्हणून नको, असा मी आपला अर्थ लावला. कढत पाणी तर लगेच उडून जातं. सासूबाई घरी येतील तेव्हा सगळं लख्ख दिसावं, असंही मनात होतंच. मी किटल्यांमागून किटल्या ओतल्या. आतून घासलं. भिंती पुसल्या. उन्हात अकरा पेट्या ओळीनं उभ्या केल्या आणि माझी मलाच धन्यता वाटली.

जानेवारीत नवा माल पेट्यांत गेला. पाहुणे आले. उपटसुंभ आले. घरची आलीच नाही.

मार्चअखेर सासूबाई काठी टेकत त्या खोलीत गेल्या. पेट्या तोवर वरवर पुन्हा निळ्या झाल्या होत्या, त्यामुळे धुतल्याचं कळत नव्हतं. त्यांनी प्रत्येक पेटीतून अंगठा फिरवला. बाहेर येऊन त्यांनी थेट रिशिरीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, चुलीवर किटली होती.

"जाताना दार उघडं टाकून गेलीस," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "घरचं होतं ते सगळं घेऊन गेलीस."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मित्सुयोचा आवाज चढत गेला तसं एक वाक्य स्पष्ट आलं. "दार मी लावलं होतं, आई."

मला तेव्हा बोलायला एक क्षण होता. किटलीतलं पाणी उकळायला लागलं आणि मी वळून ते उतरवलं. एवढंच मी केलं. त्यानंतर मित्सुयो या घरी आली नाही.

माल जाईना. शेवटी मी शेजारच्या सेइजीभावजींच्या आईकडे, मात्सुआजींकडे गेले आणि एखादी जुनी पेटी असली तर द्या म्हणाले, रताळी ठेवायला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रताळी ठेवायला, होय," म्हणाल्या. मग आतून एक पेटी आणली, कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि हातात देताना म्हणाल्या, "धुऊ नको हं."

ती पेटी मी आमच्या अकरांत मिसळली. पावसाळा संपता संपता मातकट साय चढली. सासूबाईंनी अंगठ्यानं पुसून हुंगलं. "चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा हुंगून म्हणाल्या, "पण ही आपली नव्हे. थोडी खरबरीत आहे."

त्या वर्षापासून मी दर महिन्याच्या तेराव्या तारखेला मासा तोंडात घालत नाही. ज्या घरात पाणीसुद्धा माशाच्या वासाचं, तिथं मी त्या दिवशी वाळवलेल्या अळंब्यांचं सूप करून पिते. माझ्या नवऱ्याला, शोझोंना, वाटायचं माझ्या माहेरचं काही व्रत असेल. देव्हाऱ्यापुढं भात ठेवून रोज अमिदा बुद्धाचं नाव घेते, बंदरावरच्या मारलेल्या माशांच्या स्मरणाच्या दगडावर रोज तांब्याभर पाणी घालते. हे सगळं केलं, पण जे करायला हवं होतं ते केलं नाही.

मित्सुयोकडून दर वर्षी डिसेंबरात कोंबूचं पुडकं येतं. चिठ्ठी नसते. मी आमच्या मालातला चांगल्यातला चांगला तुकडा पाठवते. चिठ्ठी नसते. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मी तिचा कोंबू आणि आमचा मासा एका पातेल्यात घालते. तीही घालत असेल. घोट घेताना मला वाटायचं, तिच्याही वाटीत आत्ता हीच चव आहे. आणि मग लक्षात यायचं, नाही. चव तिच्या ओळखीची नाही. मी पाठवते ते मात्सुआजींच्या पेटीतलं आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत एकदा शोझो बाहेर गेलेले पाहून त्यांनी माझा हात धरला. "मित्सुयोला एकदा घरी आण," म्हणाल्या. "मी जास्त बोलले. शोझोच्यानं व्हायचं नाही, तू आण." मी म्हणाले, "आणीन, आई." त्या गेल्या तेव्हा रिशिरीची बोट वादळानं बंद होती, म्हणून मित्सुयोला येता आलं नाही. निदान फोनवर शोझोंना तिनं तसं सांगितलं.

यंदा मार्चात इरिकीबाई आल्या. त्या कागोशिमाच्या एका प्रयोगशाळेत बुरशांवर काम करतात. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, बोलताना चष्मा कपाळावर सरकवणाऱ्या. बंदरावरच्या एकोणीस घरांतली बुरशी गोळा करून कुठली कोणत्या जातीची याची नोंद करायची, असं त्यांचं काम. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यातून कापसाची काडी फिरवून त्यांनी ती नळीत बंद केली. त्यांनी काडी ओली केली नाही, हे मी पाहिलं.

ऑक्टोबरात त्यांनी सगळ्यांना सहकारी संस्थेच्या सभागृहात बोलावलं. टेबलावर काचेच्या बशा मांडल्या होत्या. साखर घातलेल्या घट्ट खळीवर एकेका घरची बुरशी वाढवलेली. त्यांनी समजावून सांगितलं, की आधी त्या रंग बघतात, काठ कसा आहे ते बघतात, थंडीत किती वाढते, उन्हाळ्याच्या गरमीत किती वाढते ते मोजतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली. मीही डोळा लावला. बाजरीच्या दाण्यासारखे पिवळे गोळे होते, आणि एक गोळा फोडून दाखवला तर आत बीजकण, अगदी बोटीच्या कप्पीसारखे. मध्ये खाच, दोन्ही काठ वर आलेले. एवढी वर्षं जे मी भुवयांवरून पुसून टाकलं, ते असं घडवलेलं होतं.

इरिकीबाई म्हणाल्या, की या बुरशीचं आडनाव पूर्वी दुसरं होतं. जनुकं वाचता यायला लागल्यावर कळलं की ती दुसऱ्याच घराण्यातली आहे, म्हणून नाव बदललं.

"म्हणजे लग्न झालं म्हणा की," सेइजीभावजी मागून म्हणाले. सगळे हसले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. एकोणीस घरांपैकी चार घरांत तांबूस पडणारी वेगळी जात आहे, बाकी पंधरा घरांत एकच जात. पण एका जातीतही घराघरात थोडा फरक असतो, जनुकांच्या लांबलचक ओळीत इथं एक अक्षर वेगळं, तिथं दोन. वेगळेपणा इतक्या वर्षांत साठलेला. फक्त दोन घरांची ओळ अक्षर न अक्षर एक आली. ओकिझोनो आणि त्यांचे शेजारी.

सेइजीभावजींनी मांडीवर थाप मारली. "बघ शोझो! सांगत होतो ना, तुमची पेटी आमच्याकडून गेलीय."

"आमच्याकडून तुमच्याकडे आलीय ती," शोझो म्हणाले. "दुकानाच्या पाटीवर लिहिलंय आमच्या, दोनशे वर्षं घरचीच बुरशी."

"पाटी मीही रंगवीन. तीनशे लिहीन."

दोघं सत्तरी उलटलेले, शाळेतल्यासारखे भांडत होते. इरिकीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. कुणाकडून कुणाकडे, हे नुसत्या ओळीवरून सांगता येणार नाही, म्हणाल्या. दोघांपैकी एकाकडचा जुना, पन्नास वर्षांपूर्वीचा वगैरे तुकडा असता तर कळलं असतं.

शोझो एकदम म्हणाले, "मित्सुयोच्या लग्नातली जोडी." आणि मग, खाली बसत, "पण ती राहिली असेल कशाला. आणि तिला विचारणार कोण."

कुणीच विचारणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर ते तिथंच मिटलं असतं. घरी येताना माझ्या मनात एकच येत होतं. सासूबाईंच्या अंगठ्याला जे कळलं होतं, ते आता कागदावर लिहून आलं होतं. फक्त दाराचं खोटं तेवढं अजून कागदावर नव्हतं. ते माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी वाळवण घालून आम्ही दोघं ब्रश घेऊन बसलो होतो.

"पेट्या मी धुतल्या होत्या," मी म्हणाले.

"कधी?"

"मित्सुयो गेली त्या वर्षी. काजळी झाडायच्या दिवशी. अकराच्या अकरा, कढत पाण्यानं. दारानं काही झालं नव्हतं. नंतर मात्सुआजींकडून पेटी आणली."

शोझोंच्या हातात तुकडा होता. तो त्यांनी झाडून पूर्ण केला, ठेवला, दुसरा उचलला. तोही झाडला. वाळवण अर्धं झालं तेव्हा म्हणाले, "म्हणून तेरा तारीख."

"हो."

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी हवेखेरीज काही बोलले नाहीत. पाऊस येईल, पाऊस येणार नाही, एवढंच. मी भात देव्हाऱ्यात ठेवत होते, त्यांच्यापुढं ठेवत होते. चौथ्या दिवशी ते रताळ्याच्या दारूची बाटली घेऊन सेइजीभावजींकडे गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि ओठ हसू दाबत होते.

"मात्सुआजी शेवटी शेवटी भ्रमात बोलायच्या म्हणे," त्यांनी सांगितलं. "रोज विचारायच्या, ओकिझोनोंच्या सुनेची रताळी टिकली का. सेइजीला वाटायचं, म्हातारी बरळतेय."

मला रडू आलं. शोझो आत गेले आणि पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवून ठेवली. येताना त्यांच्या हातात सासूबाईंचा जाड कापसाचा कोट होता. "बेटावर वारा असतो म्हणतात," ते म्हणाले. "फोन करून सांगू नकोस. फोनवरच बिघडलंय सगळं."

इरिकीबाईंना मी जोडीबद्दल विचारलं होतं, ती राहिलीच असली तर. त्या म्हणाल्या, ते पिवळे गोळे टणक असतात, त्यांच्यात बीज वर्षानुवर्षं झोपून राहतं. पण चाळीसच्या वर वर्षं म्हणजे हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. उगवलं नाही तरी ओळ वाचता येईल. मेलेल्याचीही अक्षरं वाचता येतात. त्यांनी दोन नळ्या आणि दोन काड्या मला दिल्या. मी त्या घेतल्या, पण त्यांच्यासाठी मी जाणार नव्हते. जोडी मित्सुयोनं पहिल्याच हिवाळ्यात किसून सुपात घातली असेल तर त्यात वाईट काय. ती त्यासाठीच दिली होती. रागानं समुद्रात टाकली असेल तरी मला काही म्हणता येणार नाही. मला तिच्यासमोर बसून एवढंच सांगायचं आहे, की दार तू लावलं होतंस. आणि मग, ती ऐकेल तर, घरी चल म्हणायचं आहे.

आज सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठले. भात शिजवला, देव्हाऱ्यात ठेवला, अमिदाचं नाव घेतलं. आरशात केस विंचरताना भुवयांकडे लक्ष गेलं. पांढऱ्या झाल्यात, पण खिडकीतून येणाऱ्या उन्हात जराशा मातकट दिसत होत्या. ती ओळखेल.

शोझो दुपारसाठी भाताचे गोळे बांधत होते. त्यांना कधी नीट बांधता आले नाहीत, आजही वेडेवाकडे झाले होते. विमान सुटायचं ठिकाण कुठं, बोट कितीला, हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, जणू मला वाचता येत नाही. मी तो कागद कोटाच्या खिशात ठेवला. पिशवीत यंदाचा एक तुकडा ठेवला, या वेळी टपालानं न पाठवता. त्याच्याशेजारी सासूबाईंचा ब्रश.

बाहेर पडण्याआधी बुरशीच्या खोलीत डोकावले. अंधार, ऊब, तो ओळखीचा जडसर वास. बारा पेट्या. रात्री थंडी वाजली का, असं मी हळूच विचारलं. मग दार ओढून घेतलं, कडी बसल्याचा आवाज नीट ऐकला, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.